पाषाण, निधी, निक्षेप : जमिनीखालचा मालक कोण?

गोष्ट २०२० च्या फेब्रुवारीतली. तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची सुट्टी असे. अशाच एका शुक्रवारी जेबेल अलीजवळ राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे आम्ही आठ-दहा कुटुंबे जेवायला जमलो होतो. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांतून एक मोठी बातमी झळकली होती. अबू धाबीतले सैह अल सिदिरा आणि दुबईतले जेबेल अली यांच्या दरम्यान सुमारे ५,००० चौरस किलोमीटरच्या टापूत नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला होता. अंदाज होता ८० लाख कोटी घनफुटांचा. यजमानांनी आदल्याच वर्षी तिथे एक टाऊनहाऊस विकत घेतले होते, त्यामुळे थट्टेला ऊत आला. "आता बागेत बोअर मारा, थेट चुलीलाच जोडा," असे एकाने सुचवले. "हप्ते फेडायची चिंता मिटली," असे दुसऱ्याने जाहीर केले.

यजमानांचे वडील अलिबागहून मुलाकडे आले होते. काका महसूल खात्यातून तलाठी म्हणून निवृत्त झालेले. ते कोपऱ्यात बसून शांतपणे मसालेभात खात होते. आमचा गलका जरा ओसरल्यावर ते मुलाला म्हणाले, "अरे, सातबारा कुणाच्या नावावर आहे ते मला सांगू नकोस. इतर हक्कात काय लिहिलंय, ते सांग."

सगळे हसले. पण मला ते वाक्य काही केल्या विसरता येईना. माझी पीएच.डी. यंत्र अभियांत्रिकीतली, विषय सच्छिद्र माध्यमातून होणारा प्रवाह. खडकातल्या भेगांतून द्रव कसा वाहतो याची समीकरणे सोडवण्यात मी चार वर्षे घालवली. पुढे पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो. पण त्या चार वर्षांत 'हा खडक कुणाचा?' हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. काकांमुळे तो पडला, आणि गेली काही वर्षे सवडीने वाचताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहे. मी कायदेपंडित नाही, तेव्हा हा लेख कुणी कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नये. पण आपल्यापैकी बहुतेकांची थोडी जमीन तिकडे आणि एखादी सदनिका इकडे असते. त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

सनदेतली सात नावे

त्या दिवशी जेवणानंतर काकांनी मला जुन्या इनाम सनदांतला एक ठरीव मजकूर म्हणून दाखवला. मोडी कागद वाचण्याची त्यांना हौस. इनाम देताना लिहीत, ते गाव वा ती जमीन 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' यांसह दिली आहे. पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, गुप्तधन आणि पुरून ठेवलेली ठेव. शब्दांना लय आहे, त्यामुळे ते मंत्रासारखे वाटतात. पण ते वकिली शब्द आहेत. एकेक वस्तू नाव घेऊन दिली आहे, याचा अर्थ नाव घेतले नसते तर ती दिली असे कुणी धरले नसते. जमीन देणे वेगळे आणि जमिनीच्या पोटातले देणे वेगळे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

पुढे इंग्रजी अमदानीत याच शब्दांवरून न्यायालयांत वर्षानुवर्षे कज्जे चालले. इनामदाराला जमीनच मिळाली होती, की फक्त तिचा सरकारी महसूल घेण्याचा हक्क? सनदेत 'पाषाण, निधि, निक्षेप' आहे की नाही, यावर पुष्कळदा निकाल फिरे.

स्वतंत्र महाराष्ट्राने या गोष्टीचा निकाल एका कलमात लावला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे ४८ वे कलम सांगते की, दान-सनदेत किंवा एखाद्या कायद्यात वेगळे काही म्हटले नसेल तर, जमिनीवर वा जमिनीखाली कुठेही सापडणारी खनिजे राज्य सरकारची. म्हणजे सातबाऱ्यावर आपले नाव असले तरी आपण मालक आहोत ते मातीच्या वरच्या थराचे. मात्र गोष्ट इतकी सरळही नाही. २०१३ च्या जुलैत मलबारातल्या जन्मी जमिनींच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जमिनीखालच्या संपत्तीची मालकी सर्वसाधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबरच जाते. एखाद्या वैध प्रक्रियेने ती काढून घेतली असेल तरच ती जाते. थोडक्यात, काढून घेणारा कागद आहे का, तो पाहा. काकांचाच मुद्दा, फक्त सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडून.

या किनाऱ्यावरचे कागद

आता आपण राहतो त्या किनाऱ्याकडे वळू. १९२२ मध्ये इथल्या शेखांनी ब्रिटिश सरकारला लेखी वचन दिले होते की, ब्रिटिशांनी पसंत केलेल्यांखेरीज कुणालाही तेलाचे हक्क देणार नाही. त्या काळी या भागाचा कारभार बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटमार्फत हिंदुस्थान सरकारकडे होता. मोत्यांचा बाजार मुंबईत होता आणि बाजारात चलन होते आपल्या रुपयाचे. १९५९ नंतर खास 'गल्फ रुपया' आला आणि तो १९६६ पर्यंत चालला.

१९३७ मध्ये दुबईचे शेख सईद बिन मक्तूम यांनी तेलाच्या कन्सेशनवर सही केली. ११ जानेवारी १९३९ रोजी अबू धाबीचे शेख शख्बूत बिन सुलतान यांनी 'पेट्रोलियम डेव्हलपमेंट (ट्रूशियल कोस्ट)' या कंपनीशी करार केला. मुदत होती ७५ वर्षे. मोत्यांचा धंदा जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि जागतिक मंदीने बुडवला होता, खजिन्यात खडखडाट होता. अशा वेळी शेखांनी आपल्या सर्व मुलखातले तेल शोधण्याचा हक्क कंपनीला दिला.

दहा-अकरा वर्षांनी वाद उभा राहिला. 'सर्व मुलूख' म्हणजे नेमका किती? समुद्राखालचा तळ त्यात येतो का? कंपनी म्हणाली, येतो. शेख म्हणाले, मी जे दिले ते जमिनीवरचे; समुद्राचे मी बोललोच नव्हतो. लवाद म्हणून लॉर्ड अॅस्क्विथ यांची नेमणूक झाली आणि १९५१ मध्ये निवाडा लागला. या मागास प्रदेशात लागू करण्याजोगा कायदाच नाही, अशी शेरेबाजी त्या निवाड्यात आहे, आणि आज ती वाचताना राग येतो. पण निवाड्याचा मुख्य भाग शेखांच्या बाजूने गेला. किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीचा तळ कंपनीला मिळाला. त्यापलीकडचा खंडाचा उथळ तळ मात्र करारात आलाच नव्हता, म्हणून तो शेखांचाच राहिला. तो त्यांनी दुसऱ्यांना दिला. गंमत अशी की जमिनीवर रास सद्रला खोदलेली पहिली विहीर कोरडी निघाली, आणि १९५८ मध्ये तेल सापडले ते समुद्रात, उम्म शैफला. दास बेटावरून १९६२ मध्ये पहिले जहाज भरून गेले. कागदात न लिहिलेल्या एका गोष्टीने एका राज्याचे नशीब बदलले.

मालकीचा विचार इथे पूर्वीपासून वेगळ्या धर्तीचा होता. अबू धाबी आणि दुबईत इस्लामी कायद्याची मालिकी परंपरा चालत आली आहे. त्या परंपरेत खनिजे ही खासगी जमिनीत सापडली तरी त्यांची व्यवस्था राज्यकर्त्याकडे जाते. हनफी परंपरेत तसे नाही, तिथे खासगी जमिनीतल्या खनिजावर जमीनमालकाचा हक्क बराच मानला जातो. १९७१ मध्ये अमिरातींचा संघ झाला तेव्हा राज्यघटनेच्या २३ व्या कलमात लिहिले गेले की, प्रत्येक अमिरातीतली नैसर्गिक संपत्ती ही त्या त्या अमिरातीची सार्वजनिक मालमत्ता आहे. लक्षात घ्या, संघाची नव्हे, अमिरातीची. म्हणूनच जेबेल अलीचा साठा दोन अमिरातींच्या सीमेवर निघाला तेव्हा अबू धाबीची 'अॅडनॉक' आणि दुबईची 'दुसुप' या दोन संस्थांना एकत्र येऊन काम करण्याचा करार करावा लागला. अबू धाबीने १९७६ मध्ये वायूच्या मालकीचा वेगळा कायदा केला आणि १९७८ मध्ये तेलसाठ्यांच्या जतनाचा.

त्याच घटनेचे २१ वे कलम खासगी मालमत्तेला संरक्षण देते. सार्वजनिक हितासाठी, कायद्यानुसार आणि योग्य मोबदला देऊनच ती घेता येते. आपल्यासारख्या परदेशी लोकांसाठी दुबईने २००२ मध्ये दार किलकिले केले आणि २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने ते रीतसर उघडले. ठरवून दिलेल्या भागांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी, उपभोगाचा हक्क किंवा ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मिळू शकतो. तेव्हा यजमानांची मालकी खरी आहे. फक्त २३ व्या कलमाने 'निधि, निक्षेप' तिच्यातून आधीच वगळले आहेत.

खडक फोडण्याची विद्या

आता थोडे अभियांत्रिकीकडे. जुन्या पद्धतीच्या साठ्यात तेल वा वायू सच्छिद्र खडकात असतो; भोक पाडले की तो दाबामुळे विहिरीकडे वाहतो. शेल नावाच्या खडकात वायू असतो, पण छिद्रे इतकी बारीक आणि एकमेकांपासून तुटलेली की वायू जागचा हलत नाही. भरलेल्या डब्याचे झाकण घट्ट बसावे तसे. म्हणून विहीर आधी दोन-तीन किलोमीटर सरळ खाली नेतात, मग आडवी वळवतात, आणि वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने आत सोडतात. खडकाला भेगा पडतात, वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत, आणि वायू वाट काढतो. हेच हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, बोलीभाषेत फ्रॅकिंग. एका विहिरीला लागणारे पाणी पन्नास-साठ लाख लिटरपासून सहा कोटी लिटरपर्यंत असू शकते.

पहिला प्रयोग १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये झाला, आणि १९४९ मध्ये ओक्लाहोमा व टेक्सासमध्ये त्याचा व्यवसाय सुरू झाला. पण आजचे रूप त्याला आले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस, टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये. आपल्या अमिरातीतही हे तंत्र आले आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात अॅडनॉकने फ्रान्सच्या टोटल कंपनीला रुवैस दियाब क्षेत्रात ४० टक्के भाग दिला. २०३० च्या आत रोज १०० कोटी घनफूट वायू काढण्याचे उद्दिष्ट ठरले आणि २०२० च्या नोव्हेंबरात पहिला वायू वाहिनीत आला. २०२२ मध्ये मलेशियाच्या पेट्रोनासला अल धफ्रा भागात अशाच शोधासाठी क्षेत्र मिळाले. हे सगळे वाळवंटात, विरळ वस्तीत. डोक्यावर घर आणि पायाखाली फ्रॅकिंग असा प्रसंग इथल्या सदनिकाधारकावर येत नाही, तो एक भूगोलामुळे आणि दुसरे एकाच मालकामुळे.

मालकी आहे, पण

आपल्यापैकी कित्येकांची भावंडे अमेरिकेत आहेत, तेव्हा तिथली तऱ्हा पाहू. जमीनमालक हाच खालच्या खनिजाचाही मालक, हा तिथला मूळ नियम. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याच्या दारात कंपनीचा माणूस करारपत्र घेऊन येतो आणि पुढे घरबसल्या रॉयल्टीचा धनादेश येतो. ऐकायला स्वर्ग. पण जमीन आणि खनिज हे दोन हक्क तिथे वेगवेगळे विकता येतात. आजोबांनी कधीकाळी खालचा हक्क विकून टाकलेला असला की नातवाच्या अंगणात यंत्र उभे राहते आणि पैसा मात्र तिऱ्हाईताला जातो. तिथेही काकांचाच प्रश्न: इतर हक्कात काय लिहिले आहे?

दुसरा पेच शेजाऱ्याचा. आपल्याकडे शेजाऱ्याने खोल बोअर मारली की आपली विहीर आटते. भांडण गावभर होते, पण हाती काही लागत नाही. तेलाबाबत अमेरिकेत हाच नियम आहे: ज्याच्या विहिरीत आले त्याचे. २००८ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रसिद्ध खटल्यात म्हटले की, कंपनीने पाडलेली भेग शेजाऱ्याच्या हद्दीत शिरली आणि तिकडचा वायू इकडे आला, तरी त्या वायूची भरपाई मागता येणार नाही.

तिसरा पेच पाण्याचा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा १९७४ चा. जमिनीत द्रव सोडण्यावर त्यात नियंत्रण आहे. फ्रॅकिंग त्यात मोडते असा निकाल १९९७ मध्ये अलाबामाच्या एका प्रकरणात लागला. मग २००५ च्या ऊर्जा कायद्याने डिझेल वापरले नसेल तर फ्रॅकिंगला त्या नियंत्रणातून वगळूनच टाकले. विषय राज्यांच्या अंगावर पडला आणि प्रत्येक राज्याने आपापली वाट धरली. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये बंदी जाहीर केली. टेक्सासमधल्या डेंटन शहराच्या मतदारांनीही त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदीला कौल दिला, पण २०१५ च्या मे महिन्यात राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला.

पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक गावात १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या वायूचा स्फोट झाला. तिथल्या नळाच्या आणि विहिरींच्या पाण्यावर अनेक वर्षे वाद चालला. पण २०१२ मध्ये त्या राज्याने केलेल्या कायद्यातली एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वायूच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत पाणी बिघडले, तर ते कंपनीमुळेच बिघडले असे गृहीत धरायचे. तसे नाही हे कंपनीने सिद्ध करायचे. त्याच कायद्याने गावांचे जमीनवापराचे अधिकार काढून घेतले होते. तो भाग २०१३ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या घरांच्या किमती तपासल्या. वायूच्या विहिरीजवळची जी घरे स्वतःच्या विहिरीच्या पाण्यावर अवलंबून होती त्यांची किंमत घसरली. ज्यांना नळाचे पाणी होते त्यांचे तसे झाले नाही. मालकी दोघांची सारखीच. फरक पडला तो पाणी कुठून येते यामुळे.

एक हजार पौंडांचा धडा

इंग्लंडमध्ये १९३४ पासून तेल आणि वायू राजसत्तेचा. पण ज्या खडकातून विहीर जाते तो खडक? सरे परगण्यात मोहम्मद अल फायद यांच्या ऑक्स्टेड इस्टेटच्या खालून, त्यांना न विचारता, तिरप्या विहिरी नेल्या होत्या. खोली ८०० फुटांपासून २,८०० फुटांपर्यंत. पहिल्या न्यायालयाने त्यांना तेलाच्या उत्पन्नाच्या ९ टक्के, म्हणजे सहा लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. अपिलात ती एक हजार पौंडांवर आली. २०१० च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: खडक तुमचाच, त्यात शिरणे अतिक्रमणच, पण भरपाई एक हजारच. मालकी मान्य झाली आणि तिची किंमतही कळली!

फ्रॅकिंगची चाहूल लागताच ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये कायदा करून ३०० मीटरपेक्षा खोल जमीन वापरण्याचा हक्कच कंपन्यांना देऊन टाकला. मालकाच्या परवानगीचा प्रश्न उरला नाही. तरीही काम थांबले, पण वेगळ्याच कारणाने. लँकेशरमध्ये २०१९ च्या ऑगस्टात २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरात स्थगिती आली. २०२२ च्या सप्टेंबरात ती उठली आणि ऑक्टोबरात पुन्हा लागू झाली.

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचा वायू सरकारी मालकीच्या व्यवस्थेतला, आणि तिथे फ्रॅकिंग नव्हे तर साधे उत्पादन होते. पण वायू काढल्याने जमीन खचून धक्के बसू लागले. २०१२ च्या ऑगस्टात ३.६ तीव्रतेचा बसला. हजारो घरांना तडे गेले. सुरुवातीला प्रत्येक घरमालकाला आपल्या भिंतीची चीर वायूमुळेच पडली हे दाखवावे लागे. २०१६ च्या अखेरीस कायदा बदलून पुराव्याचे ओझे उलट्या बाजूला टाकले गेले. २०२४ मध्ये ते क्षेत्र कायमचे बंद झाले.

या सगळ्यातून मला दिसते ते असे. मालकी कुणाची, यावर सामान्य घरमालकाचे भले-बुरे फारसे ठरत नाही. मालकी असून एक हजार पौंड मिळतात आणि मालकी नसूनही घराच्या चिरेची भरपाई मिळते. ठरते ते तीन गोष्टींवर: काम सुरू होण्यापूर्वी आपल्याला कळवले जाते का, नुकसान झाल्यास पुरावा कुणी द्यायचा, आणि दाद मागायला किती दिवस मिळतात.

आमच्या घरची गोष्ट

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शेतातून काही वर्षांपूर्वी एक वायूवाहिनी गेली. भारतात अशा वाहिन्यांसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन घेत नाहीत, फक्त 'वापराचा हक्क' घेतात. सातबारा आपल्याच नावावर राहतो, नांगरही चालतो. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. पिकाचे, झाडांचे नुकसान वेगळे मिळते; हक्काचा मोबदला मात्र जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. कोकणात जिथे झाड लावता येत नाही त्या जमिनीला आम्ही जमीन म्हणत नाही.

हरकत घ्यायला अधिसूचनेपासून २१ दिवस मिळतात. अधिसूचना निघाली तेव्हा मी इथे होतो, थोरला भाऊ पुण्यात, आणि सातबाऱ्यावर नाव होते आमच्या आजोबांचे. ते वारून वीस वर्षे झाली होती, पण वारस नोंद कुणी केली नव्हती. 'पुढच्या सुट्टीत करू' असे म्हणता म्हणता राहून गेले. नोटीस आजोबांच्या नावाने आली असणार. बंद घराच्या कडीला ती किती दिवस होती कोण जाणे. आम्हाला कळले ते चुलत्यांच्या फोनवरून, कलमांच्या ओळीतून चर गेल्यावर. मोबदलाही वारस नोंद होईपर्यंत अडकून राहिला. आईने लावलेली सात कलमे गेली. वाहिनी चार मीटर पलीकडून नेता आली असती का, हे विचारण्याची मुदत होती, आणि ती आम्हीच घालवली. यात सरकारचा वा कंपनीचा दोष मी किती काढू? कायद्याने विचारले होते. उत्तर द्यायला घरात कुणी नव्हते.

भारतातही फ्रॅकिंगचे दिवस येत आहेत. २०१३ मध्ये शेल वायूचे पहिले धोरण आले, २०१८ मध्ये जुन्या करारांतही असा शोध घ्यायला वाट मोकळी झाली, आणि १९४८ चा तेलक्षेत्र कायदा २०२५ मध्ये दुरुस्त करून शेल तेल, शेल वायू, कोळशातला वायू हे सगळे 'खनिज तेल' या व्याख्येत स्पष्टपणे घेतले गेले. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, तेव्हा उद्याच आपल्या शेतात यंत्रे येतील असे मी म्हणत नाही. पण वाहिन्या, महामार्ग, विजेचे मनोरे, बोगदे येतच आहेत, आणि प्रत्येक वेळी कागद तोच असतो, मुदतही तशीच छोटी.

म्हणून मंडळींना एक विनंती. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा देवदर्शन आणि आमरस झाल्यावर एक सकाळ तलाठी कार्यालयासाठी ठेवा. आता सातबारा संगणकावर घरबसल्याही पाहता येतो. वारस नोंद झाली आहे का ते बघा. इतर हक्कात काय लिहिले आहे ते वाचा. गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाला रीतसर मुखत्यारपत्र द्या. इथल्या सदनिकेचा करारही एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचा; आपण पहिल्या पानावरची किंमत आणि शेवटच्या पानावरची सही तेवढीच वाचतो.

काका पुढच्या वर्षी गेले. मागच्या खेपेला मी गावी गेलो तेव्हा आमच्या सातबाऱ्याचा उतारा काढला. आता त्यावर आम्हा दोघा भावांची आणि आईची नावे आहेत, आणि इतर हक्काच्या रकान्यात वाहिनीची एक ओळ. ती ओळ मी दोनदा वाचली. मग पट्ट्याच्या बाहेर, जिथे झाड लावता येते तिथे, आईच्या हातून दोन कलमे लावून घेतली.